घराच्या आत निसर्ग: अंतर्गत रचना आणि स्वास्थ्य यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवे घर लावताना किंवा कार्यालयाची जागा बदलताना निसर्गाशी नाते जोडणाऱ्या रचनेविषयी जे प्रश्न लोक पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही प्रश्नांना दोन ओळी पुरतात, तर काहींना बरेच खोलात जाऊन उत्तर द्यावे लागते.

‘बायोफिलिक डिझाइन’ म्हणजे नेमके काय? घरात भरपूर झाडे लावली की ते झाले का?

‘बायोफिलिया’ हा शब्द ग्रीक भाषेतील ‘बायोस’ म्हणजे जीवन आणि ‘फिलिया’ म्हणजे स्नेह या दोन शब्दांपासून तयार झाला. मनोविश्लेषक एरिक फ्रॉम यांनी १९६४ साली तो जीवनाविषयीच्या ओढीसाठी वापरला. मुंग्यांचे अभ्यासक म्हणून ख्याती मिळवलेले जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी १९८४ साली त्याला आजचा अर्थ दिला: सजीवांकडे आणि सजीवांसारख्या गोष्टींकडे ओढले जाणे ही माणसाची उपजत प्रवृत्ती आहे, कारण त्याची जडणघडण फार मोठ्या काळापर्यंत उघड्यावर झाली. हा विचार इमारतींच्या आणि खोल्यांच्या रचनेत आणण्याचे काम पुढे प्रामुख्याने माणूस आणि निसर्ग यांच्या नात्याचे अभ्यासक स्टीफन केलर्ट यांनी केले.

झाडे हा या रचनेचा एक भाग आहे आणि माझ्या मते तो क्रमाने शेवटचा आहे. दिवसाचा उजेड, मोकळी हवा, बाहेरचे दृश्य, हाताला जाणवणारे खरे साहित्य, बसायची सुरक्षित जागा आणि दिवसभरात होणारे बदल यांचा विचार आधी करावा लागतो. जिथे दुपारीही दिवा लावावा लागतो अशा खोलीत वीस कुंड्या आणून ठेवल्या, तर काही महिन्यांत त्या खोलीत पिवळी पडलेली वीस झाडे तेवढी उरतात.

अशा रचनेने प्रकृतीवर खरोखर परिणाम होतो, याला काही आधार आहे का?

आधार आहे, मात्र त्याची मर्यादा ओळखून तो वापरावा. या विषयात सर्वाधिक उल्लेख होतो तो रॉजर उलरिक यांच्या १९८४ सालच्या अभ्यासाचा. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वय, लिंग आणि अशाच इतर बाबी जुळवून रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या होत्या. जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडांना पाने असतात त्याच महिन्यांतील रुग्ण त्यांनी निवडले होते. झाडे पाहणाऱ्यांचा शस्त्रक्रियेनंतरचा मुक्काम सरासरी ७.९६ दिवसांचा होता आणि भिंत पाहणाऱ्यांचा ८.७० दिवसांचा. झाडे पाहणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली आणि त्यांच्याविषयी परिचारिकांनी केलेल्या तक्रारवजा नोंदीही कमी होत्या.

एका रुग्णालयातील, एकाच शस्त्रक्रियेचा आणि थोड्या रुग्णांचा हा अभ्यास आहे. त्यावरून ‘खिडकीमुळे आजार बरा होतो’ असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, आणि तरीही जाहिरातींत ते सर्रास म्हटले जाते. दुसरा आधार रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या मांडणीचा आहे. काम करताना आपण लक्ष मुद्दाम एका जागी धरून ठेवतो आणि त्याने मन थकते. हलणारी पाने, ढग किंवा वाहते पाणी यांच्याकडे मात्र लक्ष आपोआप आणि हलकेच जाते, म्हणून थकलेल्या लक्षाला तेवढा वेळ विश्रांती मिळते, असे ते म्हणतात. ही मांडणी रचनाकाराला फार उपयोगी पडते, कारण कामाच्या टेबलावरून मान वर केली की नजर कुठे पडेल, हा प्रश्न तिच्यामुळे आपोआप विचारला जातो.

नैराश्य, निद्रानाश किंवा दम्यासारख्या विकारांवर खोलीची रचना हा उपचार नव्हे. तिथे वैद्यांकडेच जावे.

सुरुवात कुठून करावी?

खिडकीपासून. त्यातही नवे काही विकत आणण्याआधी खिडकीच्या आड आलेले सामान हलवावे. बहुतेक खोल्यांत उजेड अडवणारी गोष्ट भिंत नसून कपाट, पुस्तकांचे फडताळ, सोफ्याची उंच पाठ किंवा दुहेरी जाड पडदा हीच असते. माझ्या स्वतःच्या अभ्यासिकेत कित्येक वर्षे पुस्तकांच्या मांडणीने खिडकीचा एक तृतीयांश भाग झाकलेला होता, आणि मी त्या काळात टेबलावरचे दिवे तीन वेळा बदलले. मांडणी शेजारच्या भिंतीला सरकवल्यावर दिव्याची गरजच संध्याकाळपर्यंत पडेनाशी झाली.

खोलीत दिवसाचा उपयुक्त उजेड किती आतपर्यंत पोहोचतो, याचा एक ढोबळ हिशेब आहे. जमिनीपासून खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत जेवढी उंची असेल, तिच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंत हा उजेड जातो. म्हणजे वरची कड २.१ मीटरवर असेल, तर चार ते पाच मीटरच्या पलीकडचा भाग दिवसाही दिव्यावर अवलंबून राहतो. या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की खिडकीचा सर्वांत मोलाचा भाग वरचा असतो, म्हणून पडद्याची झालर किंवा गुंडाळी चौकटीच्या आत लोंबती न ठेवता दांडी चौकटीच्या वर आणि दोन्ही बाजूंना पुढे जाईल अशी बसवावी. दुसरी अशी की वाचन, लेखन, शिवणकाम अशी डोळ्यांची कामे खिडकीजवळच्या पट्ट्यात आणावीत आणि झोपण्याची किंवा सामान ठेवण्याची जागा आत न्यावी.

छताचा रंग पांढरा किंवा फार फिका ठेवला, तर खिडकीतून आलेला उजेड परावर्तित होऊन खोलीत खोलवर पसरतो. खिडकीच्या आतल्या बाजूची कडही फिकी रंगवावी. ती गडद असली की बाहेरचे आकाश आणि आतली भिंत यांतला फरक एकदम डोळ्यांवर येतो आणि त्रास होतो.

दिवसाच्या उजेडाला एवढे महत्त्व का? चांगले दिवे लावले तर चालणार नाही का?

दिव्याने दिसण्याचे काम भागते. शरीराच्या घड्याळाचे सहसा भागत नाही. डोळ्याच्या पडद्यात पाहण्यासाठी असलेल्या पेशींखेरीज आणखी काही पेशी प्रकाशाला प्रतिसाद देतात. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचे द्रव्य असते, निळसर प्रकाश त्यांना सर्वाधिक जाणवतो आणि त्यांचा निरोप मेंदूतील दैनिक लयीच्या केंद्राकडे जातो. झोप, जाग, शरीराचे तापमान आणि मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे या लयीशी बांधलेले आहे. ही लय पेशीच्या पातळीवर कशी चालते, याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आकडे पाहावेत. भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स असतो आणि संध्याकाळी दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत तो बहुधा १०० ते २०० लक्सच्या आसपास भरतो. आपले डोळे जुळवून घेतात, त्यामुळे हा शेकडो पटींचा फरक आपल्याला तेवढा जाणवत नाही. म्हणूनच सकाळचा पहिला चहा किंवा वर्तमानपत्र खिडकीशी, आणि शक्य असेल तर बाहेर घ्यावे. रात्री याच्या उलट करावे: छतावरचे प्रखर पांढरे दिवे बंद करून कमी उंचीवरचे, पिवळसर आणि मंद दिवे वापरावेत. एकाच खोलीत दोन प्रकारच्या दिव्यांची स्वतंत्र बटणे असणे, ही साधी गोष्ट वायरिंगच्या वेळीच ठरवावी लागते आणि नेमकी तेव्हाच ती विसरली जाते.

माझ्या खिडकीतून शेजारची इमारत किंवा भिंतच दिसते. मग काय करावे?

दिवसाच्या उजेडाविषयी २०१८ साली आलेल्या युरोपीय मानकात दृश्याचे तीन थर मानले आहेत: वर आकाश, मध्ये परिसर आणि खाली जमीन. तिन्ही दिसले तर उत्तमच, पण एक थर मिळवण्याचीही धडपड करावी. बसण्याची जागा खिडकीच्या अगदी जवळ आणि थोडी खाली आणली, तर नजरेचा कोन बदलून शेजारच्या इमारतीच्या वरचा आकाशाचा तुकडा दिसू लागतो. आकाश तर सतत बदलत असते, त्यामुळे तेवढा तुकडाही पुष्कळ आहे. खालच्या अर्ध्या भागात अर्धपारदर्शक तावदान किंवा पातळ पडदा लावून वरचा भाग मोकळा ठेवला, म्हणजे समोरच्यांची नजर टळते आणि उजेडही मिळतो. खिडकीच्या बाहेर कुंड्यांसाठी पक्का आधार असेल, तर दृश्य आपण स्वतः तयार करू शकतो; मात्र कुंडी खाली पडणार नाही याची खात्री बांधकाम जाणणाऱ्या माणसाकडून आधी करून घ्यावी.

पडद्यावर निसर्गाचे चलचित्र लावणे पुरेल का, असेही विचारले जाते. वॉशिंग्टन विद्यापीठातील पीटर कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली हे तपासले होते. किंचित ताणानंतर हृदयाचे ठोके पूर्ववत होण्याचा वेग खऱ्या काचेच्या खिडकीपाशी जास्त होता, तर तेच दृश्य थेट दाखवणारा मोठा पडदा आणि कोरी भिंत यांच्यात फरक आढळला नाही. एखादे छायाचित्र किंवा चित्र डोळ्यांना आवडत असेल तर ते जरूर लावावे, पण त्याच्यासाठी खरी खिडकी झाकू नये.

घरात हवा खेळती कशी ठेवावी?

एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोलीत वारा आत शिरतो खरा, पण त्याला बाहेर जायला वाट मिळत नाही. समोरासमोरच्या किंवा निदान लगतच्या दोन भिंतींत उघडी जागा असली, की हवा खोली ओलांडून जाते. दुसरी खिडकी नसेल, तर दाराच्या वर झरोका किंवा जाळीची झडप ठेवावी. रात्री दार बंद असतानाही तिच्यातून हवा फिरते. उष्ण हवा वर चढते, म्हणून उंचावरचा झरोका छोटा असला तरी चांगले काम देतो.

आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असावी. त्याहून बरीच जास्त झाली की कपाटामागच्या भिंतीवर बुरशी धरते, आणि बुरशीच्या वासावर सुगंधी मेणबत्ती लावणे म्हणजे हवेत आणखी काजळी आणि बाष्पशील रसायने सोडणे होय. बाहेर धूर किंवा धूळ फार असेल, तर खिडक्या केव्हा उघडायच्या याची वेळ दिवसातील कमी रहदारीच्या तासांप्रमाणे ठरवावी.

घरातील झाडे हवा शुद्ध करतात, हे खरे आहे का?

ज्या अर्थाने सांगितले जाते, त्या अर्थाने नाही. या समजुतीचा उगम १९८९ साली नासासाठी बिल वुल्व्हर्टन यांनी केलेल्या प्रयोगांत आहे. एक घनमीटरहूनही लहान अशा बंद पेट्यांत झाडे ठेवून त्यांनी बेंझिन, फॉर्माल्डिहाइड आणि ट्रायक्लोरोएथिलीन या हवेतील घातक रसायनांचे प्रमाण मोजले आणि ते घटलेले आढळले. या घटीत पानांइतकाच, किंबहुना अधिक वाटा मुळांभोवतीच्या मातीचा आणि तिच्यातील सूक्ष्मजीवांचा होता. प्रयोग अवकाशयानासारख्या बंदिस्त जागेच्या दृष्टीने केला होता आणि त्या दृष्टीने तो योग्यच होता. घर मात्र बंद पेटी नसते. दारे, खिडक्या आणि फटींतून तिथली हवा सतत बदलत असते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला. नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करायची, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असे त्यांतून निघाले. एवढ्या झाडांत माणसाला उभे राहायलाही जागा उरणार नाही.

तेव्हा झाडे ठेवायची ती डोळ्यांसाठी, हातांसाठी आणि रोज कोणाची तरी विचारपूस करण्याच्या सवयीसाठी. नवे पान उलगडताना पाहणे हे पुरेसे कारण आहे. हवा शुद्ध करण्याचा दावा चिकटवून विकलेल्या झाडाची वेगळी किंमत मोजू नये.

रात्री झोपण्याच्या खोलीत झाडे ठेवणे धोक्याचे असते का?

नाही. अंधारात झाडे श्वसन करतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात हे खरे. पण माणूस दिवसाला सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो आणि त्यापुढे एखाद्या कुंडीचा वाटा नगण्य असतो. शेजारी झोपलेल्या माणसाची भीती वाटत नसेल, तर झाडाचीही वाटू नये. ‘स्नेक प्लांट रात्री प्राणवायू देतो’ हा उलट बाजूचा दावाही तसाच फुगवलेला आहे. ते झाड पाणी वाचवण्यासाठी पानांची रंध्रे रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेते, पण प्राणवायू तयार करण्यासाठी त्यालाही उजेडच लागतो.

उजेड कमी आहे. कोणती झाडे तग धरतील?

आधी उजेड मोजावा. त्यासाठी यंत्र नको. दुपारी, जिथे कुंडी ठेवायची आहे तिथे पांढरा कागद धरून त्यावर वीतभर उंचीवरून हाताची सावली पाडावी. सावलीच्या कडा रेखीव दिसल्या तर उजेड भरपूर आहे, बोटे ओळखू येतील पण कडा पुसट असतील तर मध्यम आहे आणि सावली जेमतेम जाणवत असेल तर कमी आहे. मध्यम उजेडात मनी प्लांट, पीस लिली, स्पायडर प्लांट आणि बरेचसे नेचे चांगले वाढतात. कमी उजेडात स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट आणि ॲस्पिडिस्ट्रा टिकतात. तिथे ती वाढतात असे मी मुद्दाम म्हणत नाही. सावली पडतच नसेल, तर तिथे झाडाऐवजी एखादा सुंदर दगड किंवा वाळलेली फांदी ठेवावी, किंवा झाडांसाठीचा दिवा ठराविक तास लावण्याची तयारी ठेवावी.

मी काळजी घेऊनही झाडे मरतात. चूक कुठे होते?

बहुतेकदा काळजी जास्त झाल्यामुळे. घरातली झाडे तहानेने जेवढी मरतात त्याहून अधिक पाण्याने मरतात. मुळांनाही हवा लागते. माती सतत चिंब राहिली की तिच्यातील पोकळ्या पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून पाने मलूल होतात, आणि ती मलूल दिसतात म्हणून आपण आणखी पाणी घालतो. ‘दर दोन दिवसांनी एक पेला’ असा नियम ज्याने काढला, त्याने ऋतू, कुंडीचा आकार आणि उजेड यांचा विचार केलेला नसतो. बोट पहिल्या दोन पेरांपर्यंत मातीत खुपसावे. तिथे कोरडे लागले तर खालच्या भोकातून पाणी निथळेपर्यंत झारीने सावकाश पाणी द्यावे आणि पुन्हा कोरडे होईपर्यंत थांबावे. उजेड कमी तितके पाणी कमी, कारण झाड तेव्हा मंद गतीने वाढते.

खालच्या ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. त्यात डासांची पैदास होते, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला तर एवढेसे स्वच्छ पाणी पुरते. तळाला भोक नसलेली शोभेची कुंडी आवडली असेल, तर झाड साध्या भोकाच्या कुंडीत ठेवून ती कुंडी शोभेच्या कुंडीत बसवावी. पानांवरची धूळ महिन्यातून एकदा ओल्या मऊ कापडाने पुसावी, कारण धुळीचा थर आधीच कमी असलेला उजेडही अडवतो.

घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल, तर कोणती झाडे टाळावीत?

डिफेनबाकिया, पीस लिली, फिलोडेंड्रॉन आणि मनी प्लांट यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंड आणि घसा यांची आग होते आणि सूज येते. खऱ्या लिलीच्या जाती मांजरांच्या मूत्रपिंडांना घातक असून अंगावर पडलेले परागकण चाटल्यानेही विषबाधा होऊ शकते. सागो पाम कुत्र्यांसाठी अत्यंत विषारी आहे. स्पायडर प्लांट, अरेका पाम, बोस्टन फर्न आणि आफ्रिकन व्हायोलेट त्या मानाने निर्धोक मानली जातात. शंका असेल तर झाड खाण्यात आल्याबरोबर डॉक्टरांकडे किंवा पशुवैद्यांकडे जावे आणि झाडाची फांदी सोबत न्यावी.

भिंतभर हिरवाई, म्हणजे ‘ग्रीन वॉल’, करावी का?

घरात शक्यतो करू नये, असे माझे मत आहे. चांगली हिरवी भिंत हे एक यंत्र असते. ठिबक सिंचन, पंप, खतमिश्रित पाणी, खाली निचऱ्याची पन्हळ, मागे जलरोधक थर, वर पुरेसे दिवे आणि नियमित येणारा माळी यांपैकी एक जरी चुकले, तरी काही आठवड्यांत भिंतीवर तपकिरी डाग दिसू लागतात. मोठ्या इमारतींच्या दालनांत जिथे देखभालीची कायमची व्यवस्था असते तिथे ती शोभते. घरात खिडकीजवळच्या मांडणीवर सात-आठ झाडे निरनिराळ्या उंचीवर ठेवली, किंवा वेल तारेवर चढवली, तर तोच परिणाम बऱ्याच कमी त्रासात मिळतो.

कृत्रिम झाडे चालतील का?

जिथे उजेडच नाही अशा कोपऱ्यात एखादे ठेवायला हरकत नाही. पण ते वाढत नाही, वाकत नाही, त्याला नवे पान येत नाही, आणि धूळ मात्र खऱ्या झाडाइतकीच बसते.

लाकूड, दगड, माती असे साहित्य निवडताना काय पाहावे?

डोळ्यांआधी हात लावून पाहावे. लाकडासारखे दिसणारे लॅमिनेट दूरून फसवते, परंतु टेबलाच्या कडेवर मनगट टेकले की ते कळते. म्हणून खर्च मर्यादित असेल तर खरे साहित्य जिथे हात लागतो तिथे वापरावे: दाराची मूठ, जिन्याचा कठडा, टेबलाची कड, खुर्चीचे हात आणि खिडकीतील बैठक. कपाटाच्या आतली फळी कशाची आहे, याने अनुभवात फरक पडत नाही. खरे साहित्य वापराने झिजते, त्याचा रंग पिकतो आणि ओरखडाही त्याला शोभून जातो. नक्कल तुटली की फक्त तुटलेली दिसते.

‘नैसर्गिक’ या शब्दाने मात्र हुरळून जाऊ नये. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड लाकडाच्याच भुशापासून बनतात, पण त्यांना जोडणाऱ्या युरिया-फॉर्माल्डिहाइड गोंदातून फॉर्माल्डिहाइड बराच काळ बाहेर पडत राहते आणि उष्णता व आर्द्रता वाढली की अधिक पडते. कमी उत्सर्जनाचा दाखला असलेला बोर्ड मागावा, कापलेल्या कडा पूर्ण झाकून घ्याव्यात आणि नवे फर्निचर आल्यावर काही आठवडे खिडक्या शक्य तितक्या उघड्या ठेवाव्यात. रंग आणि पॉलिशही कमी बाष्पशील द्रव्यांचे निवडावे. जवसाच्या तेलाने लाकडाला सुरेख पोत येतो. पण त्या तेलात भिजलेली चिंधी गोळा करून टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून ती उघड्यावर पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी. सुतार हे जाणतात, घरमालक सहसा जाणत नाहीत.

भिंतींसाठी चुन्याचा किंवा मातीचा गिलावा विचारात घ्यावा. मातीचा गिलावा हवेतील जास्तीचा ओलावा शोषतो आणि हवा कोरडी झाली की तो परत देतो. चुना अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहज धरत नाही. मात्र भिंतीत गळती असेल तर आधी ती काढावी, कारण ओल्या भिंतीवर कोणताही लेप पोपडे धरतोच.

निसर्गाचे आकार आणि रंग आतमध्ये कसे आणावेत?

पानाफुलांच्या छापाचा भिंतकागद सगळ्या भिंतींना लावण्याची घाई करू नये. झाडाच्या फांद्या, ढग आणि नदीचे फाटे यांत एकच रचना लहान-मोठ्या प्रमाणात पुन्हा पुन्हा येते; तिला फ्रॅक्टल म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड टेलर यांच्या अभ्यासांत मध्यम गुंतागुंतीचे फ्रॅक्टल आकार लोकांना अधिक सुखद वाटलेले दिसतात. फार सोपे आकार कंटाळा आणतात आणि फार गुंतागुंतीचे थकवतात. घरात ही रचना आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सावल्या. खिडकीत जाळी किंवा वेल असेल, तर दुपारभर भिंतीवर हलणारे कवडसे पडतात, आणि त्यासाठी भिंत साधी व फिकी असलेलीच बरी.

रंगांचा क्रम बाहेर असतो तसा ठेवावा, म्हणजे जमीन गडद, भिंती मध्यम आणि छत फिके. याला एक मार्मिक अपवाद आहे. वास्तुरचनाकार आल्व्हार आल्टो यांनी फिनलंडमधील पाइमिओ येथे १९३३ साली पूर्ण केलेल्या क्षयरोग रुग्णालयात रुग्णांच्या खोल्यांचे छत मुद्दाम गडद हिरवट ठेवले होते. दिवसभर उताणे पडून राहणाऱ्या माणसासाठी छत हेच समोरचे दृश्य असते आणि पांढरे छत त्याच्या डोळ्यांवर येते, असा त्यामागचा विचार होता. प्रत्येक खोलीत माणूस उभा असतो, बसलेला असतो की आडवा, हे आधी पाहून मग रंग ठरवावा.

पाण्याचे कारंजे ठेवले तर उपयोग होतो का?

वाहत्या पाण्याचा आवाज बाहेरच्या रहदारीचा किंवा शेजारच्या बोलण्याचा आवाज काही अंशी झाकतो आणि तेवढ्यापुरता तो सुखद असतो. आवाज एकसुरी आणि हलका हवा. पंपाची घरघर पाण्यापेक्षा मोठी असेल तर ते कारंजे परत करावे. कोमट, साचलेल्या पाण्यात २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान लिजिओनेला हा जिवाणू वाढू शकतो आणि तुषारांतून तो श्वासावाटे शरीरात जातो. त्यामुळे कारंजे नियमितपणे रिकामे करून घासावे आणि धुके उडवणारे प्रकार वृद्धांच्या व आजारी माणसांच्या खोलीत ठेवू नयेत. आवाजाचाच त्रास असेल, तर जाड सुती पडदे, लोकरीचा किंवा तागाचा गालिचा आणि पुस्तकांनी भरलेली भिंत यांनी खोलीतला घुमणारा नाद कमी होतो, आणि त्यांना पंप लागत नाही.

खोली मोठी आणि मोकळी असूनही तिथे बसावेसे वाटत नाही, असे का होते?

भूगोलाचे अभ्यासक जे ॲपल्टन यांनी १९७५ साली याचे एक पटण्यासारखे उत्तर दिले. जिथून दूरवर पाहता येते पण आपण स्वतः आडोशाला असतो, अशी जागा माणसाला आवडते, असे त्यांचे म्हणणे. मोठ्या खोलीच्या मध्यभागी, दाराकडे पाठ करून ठेवलेल्या खुर्चीत कोणी फार वेळ बसत नाही. तीच खुर्ची भिंतीला पाठ लावून, खिडकी आणि दार दोन्ही दिसतील अशी तिरकी ठेवली की ती घरातील सर्वांत लाडकी जागा होते. आडोसा म्हणजे बंद खोली नव्हे. थोडे खाली आणलेले छत, पाठीमागे उंच मांडणी, बाजूला मोठ्या पानांचे झाड किंवा भिंतीतला खोल कोनाडा एवढे पुरते. खिडकीतील बैठक या दोन्ही गरजा एकाच वेळी भागवते, म्हणून जागा आणि पैसा एकाच गोष्टीसाठी उरला असेल, तर मी नेहमी तीच सुचवतो. बैठकीचे पुढून मागेपर्यंतचे माप ५० सेंटिमीटरहून कमी नसावे, नाहीतर तिथे माणसाऐवजी पिशव्या बसतात.

भाड्याच्या घरात किंवा कार्यालयातील ठरलेल्या टेबलावर काय करता येईल?

सामान हलवणे, पडदे बदलणे, दिवे बदलणे आणि झाडे ठेवणे यांपैकी कशासाठीही भिंत फोडावी लागत नाही. कार्यालयात टेबल हलवता येत नसेल तर खुर्चीचा कोन बदलून पाहावा. संगणकाच्या पडद्याला काटकोनात खिडकी आली तर चकाकी टळते आणि मान वळवली की बाहेर नजर जाते. मोठ्या कुंड्या ठेवताना वजनाचा विचार करावा: ४० लिटरची ओल्या मातीने भरलेली कुंडी सहज ५० किलोंच्या पुढे जाते, त्यामुळे सज्जावर किंवा जुन्या लाकडी तक्तपोशीवर अशा कुंड्या एका रांगेत लावण्याआधी घरमालकाला विचारावे. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) हलक्या मिश्रणाने आणि चाके असलेल्या पाटाने बराच भार आणि पाठदुखी वाचते.

केलेले बदल उपयोगी पडले, हे कसे ओळखावे?

महिनाभराने दोन गोष्टी पाहाव्यात. दिवसा पहिला दिवा किती वाजता लागतो, आणि कोणी काही सांगितलेले नसताना घरातली माणसे आपणहून कुठे जाऊन बसतात. पहिली वेळ पुढे सरकली असेल, तर उजेडाचे काम जमले. ज्या जागेसाठी आपण सर्वाधिक खर्च केला तिथे कोणी बसतच नसेल, तर तिथे स्वतः अर्धा तास बसून पाहावे; पाठीमागून वारा लागतो का, डोळ्यांवर उजेड येतो का, पाय ठेवायला जागा आहे का, यांपैकी काहीतरी बहुधा लगेच सापडते. खुर्ची वीतभर सरकवून पुन्हा आठवडाभर थांबावे.